वादळाआधी गावाने करायची तयारी

वानुआतूत चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ चक्रीवादळाने हा ऐंशीएक बेटांचा देश झोडपून काढला. बोटीने मदत पोचेपर्यंत दूरच्या गावाला स्वतःच्याच बळावर तगावे लागते. म्हणून गावच्या आपत्ती समितीने पुढचे काम ऑक्टोबरअखेर उरकावे आणि त्याची सूत्रे गावातल्याच अपंग व्यक्तींकडे द्यावीत.

आधी बैठकीची जागा ठरवा. सभा सहसा नाकामालमध्ये, म्हणजे पारंपरिक सभाघरात भरते. पण टान्नासारख्या बेटावर तिथे बायकांना परंपरेने मज्जाव. त्यापेक्षा शाळेत जमा. समितीत निदान दोन अपंग सभासद घ्या, त्यांत एक बाई हवीच. त्यांच्या सहीशिवाय खर्च होऊ नये.

मग घरोघर जा. ‘तुमच्याकडे कुणी अपंग आहे का?’ असे विचारू नका. काही जण लाजेने नाही म्हणतात, म्हातारी माणसे तर स्वतःला अपंग समजतच नाहीत. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या ‘वॉशिंग्टन गटा’चे सहा प्रश्न वापरा: चष्मा लावूनही दिसायला, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे करायला, आपल्या भाषेत सांगायला-समजायला अडचण येते का? उत्तरे चार: नाही, थोडी, बरीच, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला शेवटच्या दोहोंपैकी उत्तर आले, तर नाव यादीत घ्या.

आता सर्वांत मोलाचे काम. वादळात आसरा घ्यायच्या निवाऱ्यापर्यंतची वाट यादीतल्या माणसांबरोबर चाला. चाकाची खुर्ची कुठे रुतते, अंध माणसाचे वळण कुठे चुकते, ते जागीच टिपा. रुतते तिथे खडी ठोकून बसवा, वाटेच्या कडेने दोर बांधा. निवाऱ्याच्या जोत्याला लावायच्या उताराचे प्रमाण एकास बारा: जोते ३० सेंटिमीटर उंच, तर उतार ३.६ मीटर लांब. आखूड उतार पावसात जीवघेणा ठरतो. संडासाचे दार ९० सेंटिमीटर रुंद आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर जागा ठेवा. संडासाची सोय नसेल तर माणूस निवाऱ्यात येणारच नाही, मोडक्या घरातच थांबेल.

रेडिओवरचा इशारा बहिऱ्यांपर्यंत पोचत नाही. निळा, पिवळा, लाल या चढत्या इशाऱ्यांसाठी त्याच रंगांचे बावटे उभारा, अंधांसाठी घंटा वाजवा. यादीतल्यांनी निळ्यालाच निघायचे; लाल इशाऱ्याची वाट पाहू नये. प्रत्येकाला दोन सोबती द्या, एक मासेमारीला गेलेला असू शकतो. सोबती ज्याचा त्याने निवडावा. बाईला कोणी उचलायचे, हे तिनेच ठरवले पाहिजे.

फिटच्या गोळ्या, श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या जलरोधक पिशवीत भरा. कुबड्या आणि खुर्ची माणसाबरोबरच न्या.

एकदा सगळ्या गावाची तालीम घ्या. उणिवा आधी अपंग सभासद सांगतील, गावप्रमुख नंतर बोलतील. यादीची एक प्रत संबंधितांच्या संमतीने प्रांताच्या आपत्ती कार्यालयाला द्या, दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून निवाऱ्यातच ठेवा.