सतरा वर्षे राहिलेले छिद्र

पोस्टाने आलेले पत्र उघडून वाचले, म्हणून वाचणाऱ्याच्या घराचे कुलूप आपोआप उघडत नाही. पत्रातील मजकूर कितीही वाईट असो, तो कागदावरच राहतो. संगणकावर आलेले पत्र किंवा अहवाल पडद्यावर कागदासारखाच दिसतो, आणि म्हणून बहुतेक माणसे त्याला कागदासारखेच निरुपद्रवी समजतात. ही समजूत किती चुकीची आहे, हे एका लहानशा आज्ञावलीच्या हकिगतीवरून चांगले कळून येते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकावरील फाइल माणूस स्वतः वाचीत नाही. ती त्याच्यासाठी एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, वाचते. मजकूर लिहिण्यासाठी व छापण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ ही अशीच एक आज्ञावली होय. फाइल उघडताच ती आत पाहू लागते. कोणता मजकूर कोणत्या वळणाच्या अक्षरांत दाखवायचा, मथळा किती मोठा हवा, चित्र कोठे बसवायचे, तक्त्याला रकाने किती, या सर्व सूचना फाइलमध्येच लिहिलेल्या असतात आणि आज्ञावली त्या एकामागून एक पाळीत जाते. पाहुण्याने आणलेली चिठ्ठी पाहून घरातील गड्याने कामे करीत सुटावे, तसा हा प्रकार आहे. गडी चाणाक्ष असेल, तर भलती सूचना तो नाकारील. पण त्याला काम शिकवितानाच कोणाची काही चूक झाली असेल, तर?

अशा चिठ्ठीचा दुरुपयोग प्रथम झाला तो मात्र चुकीमुळे नव्हे, एका सोयीमुळे. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागू नये, म्हणून कामांची एक साखळी फाइलमध्ये साठवून ठेवता येते. तिला ‘मॅक्रो’ म्हणतात. १९९५ साली ‘कॉन्सेप्ट’ नावाचा विषाणू याच वाटेने वर्डच्या फाइलींतून पसरला. पुढे २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ आला. ई-मेलबरोबर आलेली वर्डची फाइल कोणी उघडली, की त्यातील मॅक्रो त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना तीच फाइल परस्पर पाठवून देई. पाठविणाऱ्याचे नाव ओळखीचे असल्यामुळे तेही ती निःशंकपणे उघडीत. पाहता पाहता कित्येक कंपन्यांची ई-मेलची व्यवस्था या ओझ्याखाली बंद पडली. मेलिसाचा कर्ता अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आठवड्याभरातच पकडला गेला आणि २००२ साली त्याला २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. मॅक्रोवरील बंधने त्यानंतर हळूहळू वाढत गेली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपणहून अडविण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ साली केली. एवढ्या उघड्या धोक्यावरील उपायाला इतकी वर्षे लागावीत, हे जरा नवलाचेच.

ज्या छिद्राची ही हकिगत आहे, त्याला मॅक्रोची गरजच नव्हती.

वर्डमध्ये वर्गमूळ, अपूर्णांक, घातांक अशी गणिताची चिन्हे नीट मांडता यावीत, म्हणून त्याला ‘इक्वेशन एडिटर’, म्हणजे समीकरणांचा संपादक, जोडलेला असे. ही स्वतंत्र अशी छोटी आज्ञावली ‘डिझाइन सायन्स’ या कंपनीने तयार केली होती. तिची पुढे गाजलेली प्रत ९ नोव्हेंबर २००० रोजी सिद्ध झाली. २००७ च्या आवृत्तीत वर्डला समीकरणे लिहिण्याची नवी पद्धत मिळाली आणि जुन्या संपादकाचे काम वस्तुतः संपले. पण आधीच्या फाइलींत हजारो समीकरणे त्या जुन्या पद्धतीने लिहिलेली होती. ती बदलता यावीत, म्हणून जुना संपादकही ठेवून देण्यात आला. नवा दरवाजा झाला, तरी जुन्या वहिवाटीसाठी मागचे दार ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. दरम्यान वर्डमध्ये संरक्षणाच्या अनेक नव्या युक्त्या आल्या. मागच्या दाराला मात्र २००० सालचीच कडी राहिली.

त्या दारात दोष कोणता होता, हे समजण्यासाठी एखाद्या कचेरीतील छापील अर्ज डोळ्यांपुढे आणावा. अर्जावर ‘नाव’ असा एक चौकोन आहे. त्याच्या शेजारी आणखी एक चौकोन आहे. हे काम संपल्यावर कोणत्या खोलीत जायचे, ते कारकुनाने स्वतःच्या आठवणीसाठी त्यात लिहून ठेवलेले असते. नाव आटोपशीर असेल, तर ते आपल्या चौकोनात मावते. परंतु हा कारकून, नाव मावते की नाही हे न पाहता, पुढे येईल ते जसेच्या तसे उतरून काढणारा आहे. कोणी मुद्दाम फार लांबलचक नाव दिले, तर त्याची अक्षरे शेजारच्या चौकोनात घुसतील आणि तेथील मजकूर झाकून टाकतील. आता त्या नावाची शेवटची अक्षरे हिशेबाने निवडलेली असली, आणि त्यांतून ‘तिजोरीच्या खोलीत जा’ असा अर्थ निघत असला, तर कारकून मान खाली घालून तिजोरीच्या खोलीकडे चालू लागेल. आपल्याला हा हुकूम परक्याने दिला, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही.

समीकरणांच्या संपादकात हेच होत असे. समीकरण कोणत्या फाँटमध्ये दाखवायचे, त्या फाँटचे नाव फाइलमध्ये लिहिलेले असते. संपादक ते नाव संगणकाच्या स्मृतीतील ठरावीक लांबीच्या जागेत उतरून घेई. पण त्या जागेत ते मावते की नाही, याची मोजणी करीत नसे. त्या जागेच्या पलीकडेच, पुढे कोणते काम करायचे, त्याचा ठावठिकाणा नोंदलेला असे. नावाची लांबी तपासण्याची एक साधी आज्ञा लिहावयाची राहून गेली होती, एवढीच ती चूक. पण तिच्यामुळे, फाइल तयार करणाऱ्या परक्या माणसाला दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या मनाजोगती कोणतीही आज्ञावली चालविता येत होती. ही चूक सतरा वर्षे कोट्यवधी संगणकांवर नांदली.

२०१७ साली ‘एम्बेडी’ नावाच्या कंपनीतील संशोधकांना ती आढळली. त्यांनी ती मायक्रोसॉफ्टला कळविली, आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी तिच्यावरील दुरुस्ती सर्वांसाठी खुली झाली. तो दिवस आपल्याकडील बालदिनाचा. अशा दुरुस्तीला इंग्रजीत ठिगळ या अर्थाचा ‘पॅच’ हा शब्द वापरतात. हे ठिगळ लावून घेणे म्हणजेच आज्ञावली ‘अपडेट’ करणे.

या ठिगळाची कारागिरीही पाहण्यासारखी आहे. आज्ञावली आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात व मग तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतात. दोष आढळला, तर मूळ लेखन दुरुस्त करून पुन्हा रूपांतर करावयाचे, ही नेहमीची रीत. स्लोव्हेनिया देशातील काही तज्ज्ञांनी जुना व नवा संपादक शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. मूळ लेखनाला हात न लावता, यंत्राच्या भाषेतील आज्ञाच तेथल्या तेथे बदललेल्या असाव्यात, असे त्यांचे अनुमान निघाले. काही आज्ञा आटोपशीर करून जागा काढलेली होती, आणि त्या जागेत लांबीची तपासणी बसविलेली होती. तेव्हा याला ठिगळ म्हणण्यापेक्षा रफू म्हणणेच योग्य. कुशल रफूगार वस्त्राचेच धागे घेऊन, त्याचा आकार न बिघडविता, भोक बुजवितो, तसे कोणा अनाम कारागिराने हे काम केले होते.

दुरुस्ती निघाली, म्हणजे धोका टळला, असे कोणालाही वाटेल. घडले ते निराळेच. दुरुस्ती जाहीर होताच छिद्र कोठे आहे, हे साऱ्या जगाला कळते. दुष्ट हेतूची माणसेही जुनी व नवी प्रत ताडून पाहतात आणि नेमकी चूक हुडकून काढतात. थोड्याच दिवसांत बिले, मालाच्या मागण्या, बँकेची पत्रे अशा रूपांनी घातकी फाइली ई-मेलवरून फिरू लागल्या. ज्यांनी अपडेट घेतले होते, त्यांच्या संगणकावर त्यांचे काही चालले नाही. ज्यांनी घेतले नव्हते, त्यांना एकच आडोसा उरला होता. इंटरनेटवरून आलेली फाइल वर्ड आधी केवळ वाचण्यापुरती उघडते व वर एक पिवळी पट्टी दाखविते. त्या पट्टीवरील, संपादन सुरू करण्याचे बटण दाबेपर्यंत घातकी आज्ञा अडून राहते. परंतु ते बटण सवयीने दाबून टाकणारे लोक थोडे नव्हते.

पुढे त्या संपादकात आणखी एक छिद्र सापडले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने पुन्हा रफू करण्याचा नाद सोडला, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो संपादक काढूनच टाकला. जुन्या फाइलींतील समीकरणे दिसत राहिली, पण वर्डमध्ये ती बदलता येईनात. ज्या शिक्षकांचे वर्षानुवर्षांचे प्रश्नसंच त्या पद्धतीने लिहिलेले होते, त्यांची यामुळे मोठी गैरसोय झाली, आणि त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. तरीही ज्या दाराची कडी कोणालाच नीट बसविता येईना, ते चिणून टाकणे हाच शहाणपणा होता.

एवढे होऊनही हकिगत संपली नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा विभागाने व ‘एफबीआय’ या तपास खात्याने मिळून एक यादी प्रसिद्ध केली. २०१६ ते २०१९ या काळात हल्लेखोरांनी वारंवार वापरलेली १० छिद्रे तीत दिलेली होती. फाँटच्या नावाचे हे छिद्र त्या यादीत होते. उपाय निघून अडीच वर्षे झाली होती, तो विनामूल्य होता. आणि तरीही या छिद्रातून शिरणाऱ्यांना उघडी घरे सापडतच होती.

अपडेट टाळणाऱ्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. शाळेतील लिपिक निकालपत्रके तयार करीत बसलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना पडद्यावर येते. गावात इंटरनेट मंद असते. मोबाइलवरचा डेटा अपडेटमध्येच संपून जातो. कधी एखाद्या अपडेटनंतर नीट चालणारा प्रिंटरही रुसतो. शिवाय अनेक ठिकाणी विकत न घेता उतरवून घेतलेल्या प्रती असतात, आणि पितळ उघडे पडेल या भीतीने तेथे अपडेट मुद्दामच बंद ठेवलेले असते. निकालपत्रके पुरी होईपर्यंत, संध्याकाळपर्यंत, काम लांबणीवर टाकले, तर फारसे बिघडत नाही. पण ‘नंतर’ हे बटण रोज दाबले, की संध्याकाळचे महिने होतात.

लबाड माणसे अपडेटच्या नावाचाही उपयोग करून घेतात. ‘तुमची आज्ञावली जुनी झाली आहे, येथे टिचकी मारा’ असे एखादे संकेतस्थळ किंवा ई-मेल ओरडून सांगते. ते पुष्कळदा सापळाच असते. खरे अपडेट मिळण्याची जागा आज्ञावलीच्या आतच असते. विंडोजवरील वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फाइल’ या शब्दावर जाऊन ‘अकाउंट’ उघडले, की तेथे ‘अपडेट ऑप्शन्स’ हे बटण बहुधा दिसते. पडद्यावरील सूचना खरी की खोटी अशी शंका आली, तर ती बंद करून या वाटेने जाऊन पाहता येते. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ सालापासून हे काम करीत आहे. नव्याने सापडलेली छिद्रे आणि त्यांवरील उपाय यांच्या सूचना ती वेळोवेळी प्रसिद्ध करते.

मायक्रोसॉफ्टची ठिगळे साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. २००३ सालापासून हा परिपाठ आहे. प्रत्येक आवृत्तीला ती काही ठरावीक वर्षेच मिळतात. ‘ऑफिस २०१०’ या संचाची मुदत १३ ऑक्टोबर २०२० रोजी संपली आणि ‘ऑफिस २०१३’ ची ११ एप्रिल २०२३ रोजी. ज्या संगणकांवर या जुन्या प्रती राहिल्या आहेत, तेथे त्या पूर्वीसारख्याच उघडतात, लिहितात, छापतात. पाहणाऱ्याला त्यांत काही उणे दिसत नाही. दुसरा मंगळवार येतो आणि त्यांना काही न देता निघून जातो.