शाळा सुटल्यावर विज्ञान

संध्याकाळी शाळा सुटते. मुलगा दप्तर खुंटीला अडकवतो आणि गल्लीत पळतो. मुलगी पाण्याला जाते. शाळेत ऐकलेले शाळेतच राहते. हे असेच चालावे काय?

मुंबईला वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्र आहे. ते १९८५ साली सुरू झाले. हे विज्ञानाचे संग्रहालय. संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातील जुन्या वस्तू आठवतात आणि ‘हात लावू नये’ ही पाटी आठवते. येथे मात्र चाक फिरवा, दांडा ओढा, आणि काय होते ते आपल्या डोळ्यांनी पाहा. सुट्टीत येथे मुलांची शिबिरेही भरतात.

पुण्याला आयुका ही ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने ती १९८८ साली उभी राहिली. तिच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांना व्याख्यान द्यायचे, असा आयुकाने प्रघात पाडला. श्री. अरविंद गुप्ता यांनी या शोधिकेत २०१४ पर्यंत काम केले. काडेपेटीच्या काड्या, सायकलची वालट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून त्यांनी विज्ञानाची खेळणी केली.

आपल्या जळगाव-धुळ्याची मुले सहलीला जातात आणि असे केंद्र दोन तासांत पाहून येतात. जावे, जरूर जावे. पण एकदा पाहून विद्या येत नाही. तुम्हीच पाहा. तुम्हाला अक्षर एका रात्रीत आले काय? दिवसभर कपाशीत राबून तुम्ही रोज वर्गाला आलात, म्हणून आले. विज्ञानाचेही तसेच आहे. दर शनिवारी एक तास, पण न चुकता.

मुंबई-पुणे लांब आहे. मग गावातच सुरुवात करावी. एक प्रयोग सांगतो.

सुतळीला दगड बांधा. सुतळी एक मीटर ठेवा आणि दाराच्या चौकटीला टांगा. दगडाला हलकासा झोका द्या. दगड गेला आणि परत आला, की एक झोका. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. सुमारे ३० झोके भरतील. आता दुप्पट जड दगड बांधा. मुलांना आधी विचारा, झोके वाढतील की कमी होतील? मग मोजा. तेवढेच भरतील! आता सुतळी पाव मीटर करा. झोके सुमारे ६० होतील. लंबकाचे घड्याळ याच नियमाने चालते.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. पाठ म्हणणारी मुले खूप भेटली, ‘असे का?’ विचारणारी थोडी. घरी मूल असे विचारते तेव्हा आपण म्हणतो, “गप बस, मला काय कळतं त्यातलं?” तसे म्हणू नये. उत्तर येत नसले तरी चालते. “चल, मोजून पाहू,” एवढे म्हणायला मॅट्रिक व्हावे लागत नाही. आणि त्या तासाला मुलीलाही बसवा. घागर तासभर थांबेल. मुलीचे शिकण्याचे वय थांबत नाही.

प्रश्न
१. दगड जड केल्याने झोके का वाढले नाहीत? आपसांत बोला.
२. तुमच्या गावात शनिवारचा तास कोठे भरवता येईल?
३. या आठवड्यात मुलाने किंवा मुलीने विचारलेला एक प्रश्न वहीत लिहा.