लांडगा आला रे आला! (अर्थात, इन्कम टॅक्सचं पत्र)

मित्रमैत्रिणींनो, 'आपण कुठे कमावतो? मग इन्कम टॅक्सचा आपल्याशी काय संबंध?' असं म्हणून पान उलटू नका. हॉस्टेलमध्ये बहुतेकांकडे पॅन कार्ड आहे, बँकेत खातं आहे. कुणी ट्यूशन घेतं, कुणाला इंटर्नशिपचा स्टायपेंड मिळतो. शिवाय घरी आलेलं सरकारी पत्र हल्ली आधी आपल्याच मोबाईलवर येतं, 'हे काय आहे बघ जरा' म्हणून! मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे भाषा थोडी धेडगुजरी होईल, सांभाळून घ्या. विषय मात्र कामाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. माझ्या रूममेटचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून रिटायर झाले. त्यांना एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं व्हॉट्सअ‍ॅपवर. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, लाल अक्षरांत 'अघोषित उत्पन्न', ४८ तासांत पैसे भरा नाहीतर अटक, आणि पैसे भरायला क्यूआर कोड. दुसरं ईमेलवर, अगदी रुक्ष. तुमचं रिटर्न आणि आमच्याकडची माहिती यात १,१०,००० रुपयांचा फरक दिसतो, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्या, एवढंच. काकांना पहिलं खरं वाटलं आणि दुसरं फालतू! 'आयुष्यभर कुणाचा रुपया ठेवला नाही, आणि आता मी चोर?' असं म्हणत ते पैसे भरून मोकळं व्हायला निघाले होते. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी लॅपटॉप उघडून बसलो, तेव्हा जे समजलं ते इथे क्रमाने देते.

१. पत्र खरं की खोटं?

पत्राच्या चेहऱ्यावरून काहीही ठरवू नका. शिक्का, सही, लोगो हे सगळं कुणीही छापू शकतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर डीआयएन म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा नंबर असावा लागतो (मोजके अपवाद सोडून). पण नंबर तर चोरही टाकू शकतो. म्हणून तो तपासायचा. पत्रातल्या लिंकवर क्लिक न करता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाईप करायचा : इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे लॉगिन न करताही नोटीस पडताळण्याची सोय आहे. डीआयएन आणि मोबाईल नंबर टाकला, ओटीपी दिला, की हा कागद विभागाने काढला आहे की नाही ते कळतं. नंतर लॉगिन करून 'ई-प्रोसीडिंग्ज'मध्येही बघायचं.

काकांचं लाल पत्र तिथे सापडलंच नाही. रुक्ष पत्र मात्र तारखेसकट सापडलं!

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. कर भरायचा तो पोर्टलवर चलन तयार करून, कुणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर नाही. आणि विभाग ईमेलवर कार्डाचा पिन, पासवर्ड किंवा बँकेची गुप्त माहिती मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

२. त्यांना कळलं कसं?

पत्र खरं निघालं की दुसरी भीती सुरू होते. पण 'अघोषित उत्पन्न दिसते' याचा अर्थ 'तुम्ही चोरी केली' असा नाही. दुसऱ्या कुणीतरी तुमच्या पॅनवर एक आकडा कळवला आहे आणि तो तुमच्या रिटर्नशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बँका व्याज कळवतात, कंपन्या लाभांश कळवतात, रजिस्ट्रार जमिनीचे मोठे व्यवहार कळवतात. २०२१ पासून हे सगळं आपल्यालाही पोर्टलवर 'एआयएस' म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात बघायला मिळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मीटरचं रीडिंग वेगळं आलं आहे. कुठला मीटर चुकला ते अजून ठरायचं आहे!

वर्ष मात्र नीट वाचा. १९६१ च्या कायद्यात कमाईचं वर्ष वेगळं आणि आकारणीचं वर्ष वेगळं. पत्रात आकारणी वर्ष २०२४-२५ असेल तर प्रश्न २०२३-२४ च्या कमाईचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात नुसतं 'कर वर्ष' आहे, पण जुन्या वर्षांची पत्रं जुन्याच भाषेत येतात.

३. आकडा फोडायचा

आकडा एकदम मान्य करायचा नाही आणि एकदम नाकारायचाही नाही. त्याचे तुकडे करायचे. काकांच्या १,१०,००० चे दोन तुकडे निघाले. ६२,००० रुपये एका एफडीचं व्याज होतं. ते त्यांनी रिटर्नमध्ये दाखवलं होतं, पण एकदा टीडीएसच्या पत्रकातून आणि एकदा व्याजाच्या वार्षिक माहितीतून, असं दोनदा नोंदलं गेलं होतं. उरलेले ४८,००० मात्र खरोखरच राहून गेले होते. दुसऱ्या बँकेतली जुनी एफडी, व्याज आपोआप मुद्दलात जमा होत होतं, काकांच्या हातात कधी आलंच नव्हतं. पण हातात आलं नाही म्हणून ते उत्पन्न नाही, असं होत नाही.

एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीवर अभिप्राय देता येतो : माहिती बरोबर आहे, दोनदा आली आहे, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, किंवा मला मान्य नाही. ६२,००० ला 'दोनदा आली आहे'. ४८,००० साठी मुदत असेल तर सुधारित रिटर्न, आणि ती गेली असेल तर २०२२ पासून मिळालेलं 'अपडेटेड रिटर्न', ज्यात जास्तीचा कर भरावा लागतो. कुठलं लागू होतं ते सीएला विचारून ठरवावं. काकांनीही तसंच केलं.

४. उत्तर कसं लिहायचं?

आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं! वर डीआयएन, पॅन, वर्ष. मग तक्ता : रक्कम, कुठून आली, पुरावा कोणता, रिटर्नमध्ये कुठे दाखवली. सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि व्याजाचा दाखला. 'मी प्रामाणिक नागरिक आहे' यावर दोन पानं लिहू नका, त्याला मार्क नाहीत. कागद मिळायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढ मागा. उत्तर पोर्टलवरच द्या आणि पोचपावती जपून ठेवा. गप्प बसणं सगळ्यात वाईट, कारण मग अधिकारी समोर असलेल्या माहितीवरून निर्णय घेऊ शकतो आणि वर दंडही बसू शकतो.

५. आणि आपण?

२०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका कॉलेज विद्यार्थ्याला तब्बल ४६ कोटींच्या व्यवहारांबद्दल नोटीस आली. त्याच्या पॅनवर परस्पर कंपनी काढली गेल्याचं त्याने पोलिसांना सांगितलं. म्हणून पॅनची झेरॉक्स देताना त्यावर कारण आणि तारीख लिहा. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाईल ठेवून येऊ नका. आणि 'तुझं खातं महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्या खात्यातून गेलेला प्रत्येक रुपया तुमच्या पॅनवर दिसतो, आणि उत्तर द्यायला टॅक्सवाल्यांपुढेच नाही, तर पोलिसांपुढेही उभं राहावं लागतं.

गोष्टीतल्या पोराने खोटंच ओरडून ओरडून गावाचे कान बधिर केले, आणि खरा लांडगा आला तेव्हा कुणी धावलं नाही. खोट्या पत्रांचा खरा धोका हाच आहे. काही लोक खोट्याला घाबरून पैसे देतात, आणि काही लोक सगळंच खोटं समजून खरं पत्रही कचऱ्यात टाकतात. दोन्हीवर औषध एकच : स्वतः पोर्टलवर जाऊन बघणे. पाच मिनिटांचं काम आहे. येत्या सुट्टीत घरी गेलात की आईबाबांना शेजारी बसवून एकदा एआयएस उघडून दाखवा. पत्र यायची वाट कशाला बघायची?