शिरगावची वेलांटी आणि आपला पहिला बग रिपोर्ट

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट जवळ आलं की हॉस्टेलवर एकच चर्चा : "रेडीमेड कुठे मिळेल?" कोड तयार, ब्लॅक बुक तयार! मग व्हायव्हाला सरांनी एखाद्या ओळीचा अर्थ विचारला की आपण पंख्याकडे बघतो. त्यापेक्षा एक वेगळी वाट सुचवतो.

'गोडो' हे गेम बनवायचं इंजिन. अर्जेंटिनातल्या दोघा प्रोग्रामरांनी ते लिहिलं आणि २०१४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. म्हणजे ते नुसतं फुकट नाही. आत काय चाललंय ते वाचता येतं आणि सुधारताही येतं.

उदाहरण घरचंच घेऊ. समजा, पालघर-बोईसर परिसरावर छोटा गेम करायचाय आणि गावांच्या पाट्या मराठीत हव्यात. गोडो ३ मध्ये 'पालघर' नीट उमटायचं. पण शिरगाव किल्ल्याची पाटी लावली की घोळ! 'शिरगाव'चं 'शरिगाव' दिसायचं आणि 'ल्ल' फुटून पहिल्या 'ल'चा पाय मोडायचा.

असं का? युनिकोडमध्ये आधी 'श' साठवतात, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'श'च्या आधी काढावी लागते. अक्षरांची ही मांडणी करणारी सोय गोडो ३ मध्ये नव्हती. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या गोडो ४ मध्ये 'हार्फबझ' ही खुली लायब्ररी वापरून ती आली.

यातली मेख लक्षात घ्या. देवनागरी न येणारा प्रोग्रामर कितीही हुशार असो, 'शरिगाव' चुकलंय हे त्याला दिसणारच नाही. ते आपल्याला दिसतं! म्हणजे सी प्लस प्लस कच्चं असलं तरी आपल्याजवळ देण्यासारखं काहीतरी आहे.

मग सुरुवात कशी करायची?

१. चूक सापडली की आधी नव्या आवृत्तीत तपासा.
२. ती कुणी आधीच नोंदवली आहे का, ते शोधा.
३. फक्त तेवढीच चूक दाखवणारा छोटासा प्रोजेक्ट बनवा.
४. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे साध्या इंग्रजीत लिहा.
५. जमेल तेव्हा कोडला हात घाला. गिटहबवर फोर्क करा, वेगळी ब्रँच काढा, छोटा बदल करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा.

जर्नल चेकिंगला येतात तसे शेरे येतील. दोन-तीनदा परतही येईल. वाईट वाटून घेऊ नका. अनोळखी माणूस आपला कोड ओळीओळीने वाचतोय, ही शिकवणी फी न भरता मिळते.

विकतचं ब्लॅक बुक व्हायव्हानंतर कपाटात जातं. स्वीकारलेली दुरुस्ती मात्र गिटच्या इतिहासात आपल्या नावाने राहते. आणि तिच्यातल्या कुठल्याही ओळीबद्दल विचारलं, तरी पंख्याकडे बघावं लागत नाही!