हुकूमशहाला न्याय कशासाठी? दुजैल खटल्याचा अभ्यास

पदच्युत हुकूमशहाला निःपक्ष खटला मिळावा का, असं विचारलं की पहिलं उत्तर बहुधा एकच येतं : त्यानं कुणाला दिला होता? हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्याच्या भावाला रात्री घरातून उचलून नेलं आणि जो परत आलाच नाही, त्याला कायद्याची कलमं कशी ऐकवायची? म्हणून नुसती तत्त्वचर्चा न करता एक प्रत्यक्ष खटलाच घेऊन बघू : सद्दाम हुसेनचा.

१. आरोप काय होता?

८ जुलै १९८२ रोजी इराकमधल्या दुजैल गावात सद्दामच्या ताफ्यावर गोळीबार झाला. तो वाचला, पण गावाची धडगत राहिली नाही. बायकापोरांसकट शेकडो लोकांना पकडून नेलं, फळबागा उखडल्या आणि १४८ पुरुष व मुलग्यांना क्रांतिकारी न्यायालयानं देहदंड सुनावला. त्यातले काही जण निकालाआधीच कोठडीत मेले होते, काहींना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कागदावर मात्र सगळं होतं : खटला, निकाल, आणि शिक्षेला मंजुरी देणारी सद्दामची सही.

डिसेंबर २००३ मध्ये सद्दाम पकडला गेला. १९ ऑक्टोबर २००५ ला बगदादमध्ये त्याच्यावर आणि सात साथीदारांवर दुजैल प्रकरणी खटला सुरू झाला. या आरोपींत अवाद अल-बंदर होता, त्या क्रांतिकारी न्यायालयाचा प्रमुख. त्याचा गुन्हा कोणता? माणसांचं धड ऐकून न घेता त्यांना मरणाची शिक्षा देणं! मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. खोटा खटला चालवणं हाच जर आरोप असेल, तर त्याचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाला खरा खटला चालवावाच लागतो. नाहीतर आरोपी आणि न्यायाधीश यांच्यात फरक उरतो तो फक्त खुर्चीचा.

२. खटला कसा चालला?

खटला सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बचाव पक्षाच्या एका वकिलाला पळवून नेऊन ठार मारलं. जून २००६ पर्यंत असे तीन बचाव वकील मारले गेले. मुख्य न्यायाधीश रिझगार अमीन सद्दामला फार बोलू देतात, अशी टीका सरकारातून होऊ लागली आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ५ नोव्हेंबरला फाशीची शिक्षा जाहीर झाली, पण सुमारे तीनशे पानांचं निकालपत्र बचाव पक्षाला मिळालं ते २२ नोव्हेंबरला. अपिलाची मुदत ५ डिसेंबरला संपत होती. २६ डिसेंबरला अपील फेटाळलं आणि ३० डिसेंबरच्या पहाटे फाशी दिली. तो सुन्नी इराकींच्या ईदचा दिवस होता. फासाखाली उभ्या असलेल्या माणसाला खिजवणारे आवाज कुणीतरी मोबाइलवर टिपले आणि ते जगानं ऐकले. ज्या माणसाच्या अपराधाचे सहीनिशी पुरावे होते, त्याला काही लोकांच्या नजरेत हुतात्मा करून टाकलं ते या घाईनं.

३. नुकसान कुणाचं झालं?

सद्दामचं काय व्हायचं ते झालं. माझ्या मते खरं नुकसान कुर्दांचं झालं. १९८८ च्या ‘अनफाल’ मोहिमेत किमान पन्नास हजार कुर्द मारले गेले, असा ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज आहे. कुर्दांचा स्वतःचा आकडा तर एक लाख ब्याऐंशी हजारांचा आहे. त्याचा खटला ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाला होता, साक्षी चालू होत्या. तेवढ्यात मुख्य आरोपीलाच फाशी झाली आणि त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. साथीदारांवर खटला पुढे चालला, शिक्षाही झाल्या. पण ज्याच्या तोंडून उत्तर हवं होतं, तो पिंजरा रिकामा होता.

‘घाशीराम कोतवाल’ शिकताना मला हेच जाणवलं होतं. तेंडुलकरांचा नाना शेवटी घाशीरामला जमावाच्या हवाली करतो. जमाव खूश, आणि घाशीरामला कोतवाल कुणी केलं हा प्रश्न कुणीच विचारत नाही. घाईच्या मरणात मोठ्यांची सोय असते. इराण-इराक युद्धात सद्दामला मदत करणाऱ्या देशांवरही असाच प्रश्न आला असता.

४. दोन आक्षेप

‘असे खटले संपतच नाहीत.’ खरं आहे. मिलोशेविचचा खटला हेगमध्ये चार वर्षं चालला आणि २००६ मध्ये निकालाआधीच तो वारला. पण लांबण लावणं म्हणजे निःपक्षपणा नव्हे. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यावर सेनेगलमधल्या डाकार इथे जुलै २०१५ मध्ये खटला उभा राहिला. त्यानं न्यायालयच मानलं नाही. न्यायालयानं त्याच्यासाठी वकील नेमले, त्यांना तयारीला पंचेचाळीस दिवस दिले, नव्वदहून जास्त साक्षी ऐकल्या आणि मे २०१६ मध्ये जन्मठेप सुनावली. छळ सोसलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहून बोलली.

‘गुन्हा जगजाहीर आहे, मग ऐकायचं काय?’ योहानच्या शुभवर्तमानात निकदेम धर्मसभेला हेच विचारतो, की एखाद्याचं ऐकल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का. येशू निरपराध होता, सद्दाम नव्हता. दोघांची तुलना मी मुळीच करत नाही. पण निकदेमचा प्रश्न आरोपीच्या चांगुलपणाबद्दल नव्हताच, तो सभेच्या प्रामाणिकपणाबद्दल होता.

५. निष्कर्ष

‘लायकी’ हा शब्दच मला या चर्चेत चुकीचा वाटतो. हुकूमशहाची लायकी नसेलही. पण भावाची वाट बघत बसलेल्या माणसाला फाशीची बातमी पुरत नाही. कुणी नेलं, कुणाच्या हुकमानं नेलं, कुठे पुरलं, हे त्याला भर न्यायालयात, उलटतपासणीत टिकलेल्या शब्दांत ऐकायचं असतं. तो हक्क त्याचा आहे, आणि हुकूमशहाला नीट खटला दिल्याशिवाय तो त्याला देता येत नाही.