लकव्यानंतरची सूज

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, जीभ अडखळते. लकवा बहुधा असाच येतो.

मेलेला भाग साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. घाईत त्या प्राणवायू न वापरता भराभर साखर जाळतात. ओल्या लाकडांची चूल जशी! जळण फार, आच थोडी, धूर डोळ्यांत. अशा पेशींमुळे सूज वाढते. शेजारचा चांगला भागही दुखावतो.

काही दिवसांनी पुष्कळ पेशी निवतात. मग त्या प्राणवायू घेऊन सावकाश जळण वापरतात व डागडुजीला लागतात.

आम्ही एवढेच सांगतो : तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवणारे औषध साधारण ४॥ तासांच्या आतच देतात. रोग्याला तत्काळ मोठ्या इस्पितळात न्या.