एक भांडार, दोन दारे

वसतिगृहातून शिकून गेलेला विद्यार्थी अनेक वर्षांनी कार्यालयाची पायरी चढतो, तो बहुधा एका कागदासाठी. जनरल रजिस्टरातील जन्मतारीख आणि जातीची नोंद मिळाली नाही, तर जात पडताळणी अडते. ती अडली की कुणाचा प्रवेश अडतो, कुणाची नोकरी. म्हणून या जीर्ण रजिस्टरांची पाने स्कॅन करून एका लिनक्स सर्व्हरवर ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले. परंतु विश्रांतवाडीच्या आमच्या संगणक कक्षात देणगीदाखल आलेली जुनी यंत्रे आणि नवी यंत्रे शेजारी-शेजारी आहेत. दोघांनाही पान दिसावे, मात्र त्यात बदल कुणालाही करता येऊ नये, हे कसे साधले, त्याचा हा पाठ.

अशा सामायिक वापरासाठी 'नेटवर्क फाइल सिस्टिम', म्हणजेच एनएफएस, ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये आणली. तिची तिसरी आवृत्ती १९९५ ची, तर चौथी २००० ची असून २००३ मध्ये ती सुधारण्यात आली. आमची जुनी यंत्रे तिसरीने बोलतात, नवी चौथीने.

तिसऱ्या आवृत्तीत जोडणी आणि फाइल-कुलूप यांसाठी वेगळ्या सेवा लागतात. त्यामुळे फायरवॉलमध्ये १११ व २०४९ या पोर्टांबरोबर त्या सेवांचीही पोर्टे उघडावी लागतात. चौथीचे सारे काम एकट्या २०४९ वर चालते. जुने यंत्र जोडले जात नसेल, तर प्रथम येथे पाहावे.

दुसरा भेद पत्त्याचा. तिसरी आवृत्ती सर्व्हरवरील फोल्डरचा संपूर्ण मार्ग मागते. चौथीला सर्व्हर एक कल्पित मूळ दाखवतो आणि मार्ग तेथून मोजला जातो. आम्ही एका फोल्डरला 'एफएसआयडी शून्य' अशी खूण करून तेच मूळ ठरवले होते. परिणामी एकच पत्ता जुन्या यंत्रावर चालला आणि नव्यावर 'असे फोल्डर नाही' असे उत्तर आले. खूण काढून टाकताच दोन्ही यंत्रे एकाच पत्त्याने जोडली गेली. कारण आजचा लिनक्स सर्व्हर ते मूळ स्वतःच रचतो.

तिसरा भेद मालकीचा. तिसरी आवृत्ती वापरकर्त्याला क्रमांकाने ओळखते. चौथी नाव आणि डोमेन यांनीही ओळखू शकते. डोमेन जुळले नाही तर फाइलचा मालक 'नोबडी' दिसतो. सर्व यंत्रांवर वापरकर्त्यांचे क्रमांक आणि डोमेन सारखे ठेवणे, हाच त्यावर उपाय.

एवढे भेद असले तरी 'एक्स्पोर्ट्स' या फाइलमधील परवानगीची ओळ दोन्ही आवृत्त्यांना एकच लागू होते. आम्ही कक्षातील यंत्रांना, म्हणजे १९२.१६८.१०.०/२४ या पत्त्यांना, केवळ वाचनाची मुभा दिली. लिहिण्याची मुभा कार्यालयातील एकाच यंत्राला. 'रूट स्क्वॉश' हा बंदोबस्त तसाच ठेवला. साध्या मांडणीत सर्व्हर यंत्राने सांगितलेल्या वापरकर्ता क्रमांकावर विश्वास ठेवतो. म्हणून कक्षातील यंत्रांपुरते खरे संरक्षण 'केवळ वाचन' हेच.

येथे एक धोका विशेष ध्यानी ठेवावा. पत्ता आणि त्यापुढील कंस यांच्यामध्ये एकही मोकळी जागा नको. ती राहिली, तर कंसातील लिहिण्याची मुभा त्या एका यंत्राला न मिळता सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राला मिळते! एका मोकळ्या जागेने कुणाची जन्मतारीख बदलू शकते, हे उमगल्यापासून आम्ही प्रत्येक बदलानंतर 'एक्स्पोर्टएफएस' आज्ञेने प्रत्यक्षात लागू झालेली यादी वाचून पाहतो, आणि सर्व पानांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो.

जुने यंत्र आहे म्हणून त्याला दार बंद करावे लागले नाही, आणि दार उघडे ठेवले म्हणून पहाराही सैल करावा लागला नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी येऊन आमची ही मांडणी तपासावी, अशी विनंती आहे. त्या पानांत त्यांचेही नाव आहे.